पूर आला तर घर आणि धंदा, दोन्ही कसे सांभाळाल?

आपल्यापैकी अनेकांचा धंदा घरातूनच चालतो: मसाले, शिलाई, टिफिन. म्हणजे पाणी घरात शिरलं की संसार आणि भांडवल एकदमच जातं. ऑगस्ट 2019 ला कोल्हापूर-सांगलीत आणि 22 जुलै 2021 ला चिपळुणात हेच झालं.

म्हणून पावसाळ्याआधी एवढं कराच:

1. पाणी: माणशी रोज 4 लिटर, 3 दिवसांचं. चौघांचं घर असेल तर 48 लिटर.

2. पिशवी: औषधं, टॉर्च, पॉवर बँक, सुका खाऊ, थोडी रोख रक्कम.

3. कागदपत्रं: आधार, पासबुक, उद्यम प्रमाणपत्र आणि उधारीची वही प्लास्टिकमध्ये ठेवा. सगळ्यांचे फोटो परगावच्या नातेवाइकाला पाठवा. वही भिजली तर येणं कुणाकडे किती, हे कशावरून सांगणार?

4. माल: कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट आहे. इशारा पातळीलाच माल हलवा, धोक्याची वाट बघू नका. तुमच्या नदीची पातळी लिहून भिंतीवर लावा.

5. विमा: भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं. पण तुमचा माल घराच्या पत्त्यावर नोंदवलाय का, हे विचारून घ्या. माल-मशीनचे फोटो दर महिन्याला काढा.

6. निघताना: मेन स्विच आणि गॅस बंद करा. मदतीसाठी 112, जिल्हा आपत्ती कक्षासाठी 1077.

या रविवारचा गृहपाठ: वहीचे फोटो काढा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि खर्च शून्य!