सामाईक मालमत्ता आणि वगळण्याचा हक्क : एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे अध्ययन

गावाच्या सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवत जातो, कारण लाभ त्याचा एकट्याचा असतो आणि झीज सर्वांची. अखेर कुरणच उरत नाही. गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली हे प्रतिपादन केले. त्यावरून सरकारी ताबा किंवा खाजगी मालकी हे दोनच उपाय आहेत, असा समज विद्यापीठांतून रूढ झाला. प्रत्यक्ष गावे पाहून या समजाला छेद देणाऱ्या विदुषीचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा जन्म ७ ऑगस्ट १९३३ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. पदवीनंतर नोकरी शोधताना त्यांना लघुलेखन आणि टंकलेखन येते काय, एवढेच विचारले जाई. शाळेत मुलगी म्हणून त्रिकोणमितीपासून दूर ठेवल्यामुळे अर्थशास्त्राच्या पीएच.डी.चे दारही बंद झाले. म्हणून त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. (त्याच अर्थशास्त्राचे नोबेल २००९ साली ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासमवेत त्यांना मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.)

१९६५ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय भूजल हा होता. दक्षिण कॅलिफोर्नियात किनाऱ्यालगत इतका उपसा झाला होता की समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरू लागले होते. हार्डिन यांच्या तर्कानुसार तेथे विनाश अटळ होता. परंतु उपसा करणारेच संघटित झाले, त्यांनी मोजमापे करवून घेतली आणि न्यायालयाच्या साक्षीने प्रत्येकाच्या उपशावर मर्यादा घातली. पुढे ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात राहून त्यांनी अशा उदाहरणांचा आयुष्यभर शोध घेतला आणि १९९० साली त्यांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. त्यातील स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावाचा नियम पाहावा : हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवायच्या. हा नियम १५१७ सालचा आहे. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे कालव्याच्या पाण्याचे तंटे शेतकऱ्यांनी निवडलेले पंच दर गुरुवारी चर्चच्या दारात बसून मिटवतात.

आमच्या मते त्यांचे सर्वांत उपयुक्त कार्य मात्र १९९२ साली एडेला श्लेगर यांच्यासह लिहिलेल्या एका लेखात आहे. मालकी ही एकच वस्तू नसून ती हक्कांची मोळी आहे, असे त्यात दाखविले आहे. प्रवेशाचा हक्क, उत्पन्न घेण्याचा हक्क, व्यवस्थापनाचा हक्क, इतरांना वगळण्याचा हक्क आणि हे हक्क विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क, अशा पाच काड्या त्या मोळीत आहेत. त्या एकाच हाती असतील असे नाही. मासे धरणाऱ्याला प्रवेश असतो, परंतु नियम दुसराच करतो.

यांतील वगळण्याच्या हक्कापाशी आम्ही थबकतो. साधनसंपत्ती टिकायची तर तिचे हक्कदार निश्चित हवेत, हे ऑस्ट्रॉम यांचे पहिले तत्त्व. टोर्बेलने तर १४८३ सालीच ठरविले होते की बाहेरच्याने गावात जमीन घेतली तरी सामाईक कुरणावर त्याचा हक्क नाही. शतकानुशतके टिकणे ही ऑस्ट्रॉम यांची मुख्य कसोटी होती. पण टिकलेली व्यवस्था न्याय्य असतेच असे नाही, आणि हे आपल्याला कोणी युरोपातून येऊन सांगण्याची गरज नाही.

महाडचे चवदार तळे या मोळीतून पाहिले म्हणजे तो लढा कायद्याच्या भाषेतही किती नेमका होता हे कळते. नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे प्रवेशाचा हक्क कागदावर होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेऊन तो प्रत्यक्षात आणला. त्यावर सवर्णांनी न्यायालयात दावा लावला तो वगळण्याच्या हक्कासाठी, आणि आधार दिला पुरातन वहिवाटीचा. ती वहिवाट सिद्ध झालेली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे लागली.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज गावोगावी ग्रामपंचायतीत, शाळेत, तलाठी कार्यालयात आहेत. त्यांनी आपल्या गावचे गायरान, पाझर तलाव आणि स्मशानभूमी यांपुढे हेच पाच प्रश्न लिहून पाहावेत. कोण जातो, कोण घेतो, कोण ठरवतो, कोण अडवतो, कोण विकतो? उत्तरे सातबाऱ्यावर शोधावीत आणि वस्तीत जाऊनही विचारावीत.