मोटारीचा मागचा डोळा

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात दरेकसा हे डोंगर आणि जंगल यांनी वेढलेले गाव आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग येथूनच पुढे छत्तीसगडात जातो. जवळ हाजरा धबधबा आहे, कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला कचारगडला गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात आणि त्यांच्यामधून लहानथोर माणसे ये-जा करीत असतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दरेकशाला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने आपल्या २०१७ सालच्या मोटारीसाठी दोन वस्तू मागवून ठेवल्या होत्या : रस्ता दाखवणारा पडद्याचा स्टिरिओ आणि मागे पाहण्याचा कॅमेरा. तो म्हणाला, "मामाजी, तुम्ही फिजिक्स शिकवता. मग मिस्त्री कशाला? आपणच बसवू." मी होकार दिला, पण एका अटीवर. मोजल्याशिवाय एकही वायर जोडायची नाही.

मागचे किती दिसत नाही?

काम सुरू करण्यापूर्वी आम्ही एक मोजमाप केले. चालकाच्या जागी बसल्यावर भाच्याचा डोळा जमिनीपासून १.२ मीटर उंच होता. मागच्या काचेची खालची कड १ मीटर उंचीवर होती आणि डोळ्यापासून २ मीटर अंतरावर होती. म्हणजे कडेला घासून जाणारी दृष्टिरेषा २ मीटरमध्ये २० सेंटिमीटर खाली उतरते, अर्थात दर मीटरला १० सेंटिमीटर. आता अंगणात उकिडवे बसून खेळणारे ६० सेंटिमीटर उंचीचे मूल घ्या. दृष्टिरेषा त्या उंचीवर येण्यास डोळ्यापासून ६ मीटर जावे लागते. त्यातून २ मीटर वजा केले, तर काचेमागे ४ मीटर उरतात. या ४ मीटरमध्ये ते मूल कोठेही असो, मागच्या काचेतून त्याचे डोकेसुद्धा दिसणार नाही!

अंगणातून गाडी मागे घेताना घरचेच मूल चाकाखाली आल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यामागे हे समरूप त्रिकोण असतात. म्हणूनच भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारे संवेदक सक्तीचे झाले. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेराच सक्तीचा आहे. भाच्याच्या गाडीला यांपैकी काहीच नव्हते.

आधी ऋण टोक का सोडवायचे?

वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरी सोडवावी लागते, आणि तीही ऋण टोकाकडून. असे का? मोटारीचा सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. ऋण टोकाचा नट सोडवताना पाना पत्र्याला टेकला, तर दोन्हीकडे विभव सारखेच असल्याने काही होत नाही. धन टोक सोडवताना मात्र तोच पाना बॅटरीची दोन टोके थेट जोडतो आणि ठिणग्या उडतात. जोडताना क्रम उलटा : धन आधी, ऋण शेवटी.

जुना रेडिओ काढल्यावर मागे वायरींचा झुबका दिसला. मोजण्यापुरती बॅटरी जोडून आम्ही मल्टिमीटर लावला. एका वायरीत किल्ली नसतानाही १२ व्होल्ट होते. दुसरीत किल्ली फिरवल्यावरच आले. नव्या स्टिरिओची पिवळी वायर पहिलीला आणि लाल वायर दुसरीला जोडायची. काळी वायर पत्र्याला, म्हणजे अर्थला. पिवळीने घड्याळ आणि स्मृती टिकते, तर लालमुळे संच चालू-बंद होतो. कंटाळा करून दोन्ही कायमच्या पुरवठ्याला जोडल्या, तर संच कधी पूर्ण झोपतच नाही. समजा, तो अर्धा ॲम्पिअर खात राहिला, तर ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी ७० तासांत, म्हणजे तीन दिवसांच्या आत रिकामी होईल.

एक इशारा. गाडीतल्या रंगांवर विसंबू नका. मीटर सांगेल तेच खरे. अनेक गाड्यांत पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरसुद्धा लावायचा नाही.

चांदीचा कागद

येथवर ठीक चालले होते. मोजणी संपल्यावर बॅटरी पुन्हा सोडवायची आमची खोटी झाली आणि कायम पुरवठ्याच्या वायरीचे उघडे टोक लोखंडी पट्टीला टेकले. चट्कन आवाज झाला आणि १५ ॲम्पिअरचा फ्यूज उडाला. घरात दुसरा नव्हता. भाचा सहज म्हणाला, "मामाजी, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावू. ट्रॅक्टरला आम्ही तसंच करतो."

मी त्याला कागद-पेन्सिल दिली. ती तांब्याची वायर २ मीटर लांब आणि ०.७५ चौरस मिलिमीटर जाड होती. तिचा रोध सुमारे ०.०४५ ओहम येतो. बॅटरीचा व सांध्यांचा रोध मिळवून एकूण ०.०६ धरू. टोक पुन्हा पत्र्याला टेकले आणि फ्यूज वितळला नाही, तर प्रवाह १२ भागिले ०.०६, म्हणजे २०० ॲम्पिअर! वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २०० × २०० × ०.०४५ = १,८०० वॅट. एक मोठी विजेची शेगडी त्या बारीक वायरीत कोंबल्यासारखे झाले. तिचे प्लॅस्टिक काही क्षणांत पेट घेईल, आणि ती आहे डॅशबोर्डच्या आत, गालिचा आणि फोम यांच्या शेजारी.

फ्यूज स्टिरिओपेक्षाही वायरीला वाचवण्यासाठी असतो. चांदीचा कागद किती ॲम्पिअरला वितळेल, हे कोणालाच ठाऊक नसते. भाचा गुपचूप मोटरसायकल घेऊन सालेकशाला गेला आणि फ्यूज घेऊन आला. दीड तास गेला. येताना त्याने ट्रॅक्टरसाठीही चार आणले, हे मला संध्याकाळी कळले.

कॅमेऱ्याची जोडणी

कॅमेऱ्याला वीज मागे जाण्याच्या पांढऱ्या दिव्यातून घेतात. गाडी रिव्हर्समध्ये टाकली की दिवा लागतो, कॅमेरा जागा होतो आणि त्याच्या सूचनेने पडद्यावर चित्र येते. दिवा २१ वॅटचा, म्हणजे पावणेदोन ॲम्पिअरचा. कॅमेरा जेमतेम दशांश ॲम्पिअर घेतो. तेव्हा जादा भार नगण्य. वायर मागच्या दारात नेताना मूळ रबरी नळीतूनच नेली. पत्र्याच्या धारेवर घासून आवरण फाटले, तर पुन्हा तोच शॉर्ट सर्किट!

पहिल्या चाचणीत गंमत झाली. गाडीच्या उजवीकडे ठेवलेली बादली पडद्यावर डावीकडे दिसली. कॅमेरा मागे तोंड करून बसलेला असतो, म्हणून गाडीची उजवी बाजू त्याच्या डावीकडे येते. यासाठी चित्र आरशासारखे उलटवावे लागते. आमच्या कॅमेऱ्यात त्यासाठी एक छोटा वायरीचा वेढा कापायचा होता.

पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा अंतर दाखवतात, पण फक्त जमिनीवरचे. ट्रॉलीतून बाहेर आलेले बांबू घ्या. कॅमेऱ्याकडून बांबूच्या टोकाकडे जाणारी रेषा पुढे वाढवली, तर ती जमिनीला बऱ्याच लांब टेकते किंवा टेकतच नाही. त्यामुळे बांबू आहेत त्यापेक्षा दूर भासतात. पडद्यावर हिरवी रेषा आणि काचेत बांबू, असे होऊ शकते.

डोंगरातील वाट

आता नकाशा. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत पाठवतात. डोक्यावरच्या उपग्रहाचा संकेत ०.०६७ सेकंदात पोहोचतो. वेळेत एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक. अक्षांश, रेखांश, उंची आणि आपल्या घड्याळाची चूक ही चार अज्ञाते आहेत, म्हणून किमान चार उपग्रह लागतात. हा संकेत इतका क्षीण असतो की १ वॅटचे, एकावर सोळा शून्ये इतके भाग केले, तर त्यातला जेमतेम एखादा भाग आपल्या वाट्याला येतो. पत्र्यातून तो येत नाही. म्हणून अँटेना पुढच्या काचेखाली, आकाश दिसेल अशी चिकटवली.

दरेकशाच्या रेल्वे बोगद्यात हा संकेत मिळणार नाही. अरुंद दरीत व ओल्या दाट झाडीतही तो अडतो. शिवाय उपग्रहाला मोबाइलचा टॉवर लागत नसला, तरी नकाशा इंटरनेटवरून येत असेल तर तो लागतो. तेव्हा जंगलात जाण्यापूर्वी नकाशा संचात उतरवून ठेवावा.

हातब्रेकची एक वायर उरली होती. ती ब्रेकच्या स्विचला जोडली की गाडी चालताना चित्रपट दिसत नाही. ती थेट अर्थला जोडून पळवाट काढण्याचा भाच्याचा विचार होता. या खेपेस मला गणित मांडावे लागले नाही. त्याच्या आईनेच नकार दिला.

शेवटी भाचीला बंपरला अगदी चिकटून, कोपऱ्यात बसवले. गाडीचे इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. पडद्यावर तिची फक्त वेणी दिसली. भाचा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. तेव्हापासून गाडी काढण्यापूर्वी तो एकदा चालत मागे फिरून येतो.

करून पाहा

१. घरच्या किंवा शिक्षकांच्या उभ्या मोटारीत डोळ्याची उंची, काचेच्या कडेची उंची व अंतर मोजा. ८० सेंटिमीटर उंचीचे मूल किती अंतरापर्यंत दिसणार नाही, ते काढा. मग तेवढ्या उंचीची काठी मागे उभी करून उत्तर पडताळा.

२. ५ मीटर लांबीच्या तांब्याच्या वायरीतून १० ॲम्पिअर प्रवाह जातो. जाडी ०.५ आणि २.५ चौरस मिलिमीटर असताना किती व्होल्ट वाया जातील? (तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरा.)