स्कॅनर पेटत नाही तेव्हा

पूर्वी मिस्त्री इंजिनाला कान लावून त्याचे दुखणे ओळखी. आताच्या गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. गाडीत काय बिघडले, त्याची तो नोंद ठेवतो. ही नोंद वाचणाऱ्या यंत्राला स्कॅनर म्हणतात.

स्कॅनर जोडायचे सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खाली असते. त्याला ओबीडी सॉकेट म्हणतात. त्यात आठ-आठ घरांच्या दोन ओळी, म्हणजे १६ घरे असतात. अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या मोटारींना ते सक्तीचे झाले. आता आपल्या टेम्पो-जीपमध्येही ते दिसते.

समजा, टेम्पोत टोमॅटो भरले आहेत. पहाटे बाजार गाठायचा आहे. इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मिस्त्रीने स्कॅनर जोडला, पण तो पेटेना. कोणी म्हणेल, "दादा, कॉम्प्युटरच गेला! आता मोठा खर्च आला."

लगेच घाबरू नका. वाफ्यात पाणी आले नाही, म्हणून कोणी नवी विहीर खणत नाही. पाट कुठे फुटला ते आधी पाहतो. इथेही तसेच करा.

१. तोच स्कॅनर दुसऱ्या गाडीला लावा. तिथेही पेटला नाही, तर दोष स्कॅनरचा.

२. फ्यूज पाहा. बऱ्याच गाड्यांत मोबाईल चार्ज करण्याचे सॉकेट आणि ओबीडी सॉकेट यांचा फ्यूज एकच असतो. चार्जिंगच्या सॉकेटात नाणे पडले किंवा खराब चार्जर लावला, की तो फ्यूज उडतो. मग स्कॅनरलाही करंट मिळत नाही. कोणता फ्यूज कशाचा, हे गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. आता तुम्हांला वाचता येते. स्वतः वाचून पाहा.

३. फ्यूज चांगला असेल, तर मीटर लावा. मीटरची लाल तार १६ नंबरच्या घरात आणि काळी तार गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवा. बारा व्होल्टच्या गाडीत काटा बाराच्या आसपास यावा. आला नाही, तर फ्यूजपासून सॉकेटपर्यंतची वायर कुठेतरी तुटली आहे.

४. बारा आले, तर काळी तार ४ नंबरच्या घरात टेकवा. आता काही दिसेना, तर अर्थची वायर सुटली आहे. बाकीच्या घरांत काही खुपसू नका. त्यांतल्या काही वायरी थेट कॉम्प्युटरला जातात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उडालेल्या फ्यूजच्या जागी साधी तार किंवा सिगारेटची चांदी कधीही लावू नका. फ्यूज हा राखणदार आहे. करंट फार वाढला, की तो स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. तिथे जाड तार घातली, तर ती जळत नाही. मग आतल्या वायरी तापतात, त्यांचे प्लॅस्टिक वितळते आणि गाडी पेट घेऊ शकते. दहा अँपिअरचा फ्यूज लाल असतो, पंधराचा निळा, विसाचा पिवळा. जितक्याचा उडाला, तितक्याचाच बसवा. नवाही लगेच उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. तिसरा बसवू नका, वायरमनला दाखवा.

सांगा पाहू :
१. करंट कोणत्या नंबरच्या घरात येतो?
२. फ्यूजला राखणदार का म्हटले आहे?
३. तुमच्या ओळखीच्या गाडीचे पुस्तक उघडा. चार्जिंगच्या सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे, ते वहीत लिहा.