तापमानाची इंग्रजी भाषा

इंग्रजी बोलणारा मनुष्य पाण्याला किंवा हवेला ‘हॉट’ म्हणतो, परंतु ‘टेंपरेचर’ या शब्दाला तो सहसा ‘हाय’ किंवा ‘लो’ हीच विशेषणे लावतो. तापमान ही एक राशी आहे. ती चढते, उतरते, घसरते. फॅरनहाइटने १७१४ मध्ये पाऱ्याचा तापमापक सिद्ध केल्यानंतर नळीत वर-खाली सरकणारा पारा हे या भाषेचे डोळ्यांना दिसणारे रूपच ठरले. आपणही ‘पारा चढला’ असे म्हणतोच.

हवेच्या वर्णनात मात्र शब्दांच्या जोड्या रूढीने ठरलेल्या असतात व तर्क तेथे फारसा चालत नाही. ‘पायपिंग हॉट’ ही चॉसरच्या काव्यातही आढळणारी जुनी जोडी. आचेवरून उतरलेल्या पदार्थातून निघणारा सूंसूं आवाज तिच्या मुळाशी आहे, आणि म्हणून ती अन्नाला व पेयाला शोभते. उन्हाळ्याच्या दिवसाला ती कोणी लावीत नाही. उलट ‘बॉयलिंग हॉट’ हे शब्दशः उकळत्या पाण्याचे वर्णन, पण ते बहुधा उकाड्याविषयी योजले जाते. ‘बिटर कोल्ड’मधील ‘बिटर’ हा शब्द चावणे या अर्थाच्या धातूपासून आलेला असल्यामुळे ‘कडू थंडी’ असे भाषांतर हास्यास्पद होईल. ‘बोचरी थंडी’ हेच त्याचे खरे मराठी रूप. ‘टू रन अ टेंपरेचर’ याचा अर्थ केवळ ताप येणे. वास्तविक तापमान कोणत्या वस्तूला नसते?

येथवरच्या चुका फार तर हसू आणतात. आकड्यांबरोबर येणाऱ्या शब्दांची गोष्ट निराळी आहे. जुन्या इंग्रजी लेखनात ‘टेन डिग्रीज ऑफ फ्रॉस्ट’ असा प्रयोग वारंवार भेटतो. त्याचा अर्थ गोठणबिंदूच्या खाली दहा अंश. हे अंश फॅरनहाइटचे आणि त्या मापनात पाणी ३२ अंशांवर गोठते. तेव्हा ही थंडी २२ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ५.६ अंश सेल्सिअस एवढीच होय. त्याच लेखनातील ‘टेन बिलो झीरो’ म्हणजे मात्र उणे २३.३ अंश सेल्सिअस. दोन्ही ठिकाणी ‘शून्याखाली दहा अंश’ असे लिहिणारा भाषांतरकार सौम्य हिवाळा व प्राणघातक गारठा यांतील भेदच पुसून टाकतो.

अंटार्क्टिकाच्या प्रवासवर्णनांत ही बाब प्रकर्षाने जाणवते. स्कॉटच्या मोहिमेतील विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यात, अखंड अंधारात, एम्परर पेंग्विनची अंडी मिळवण्यासाठी केप क्रोझियरकडे गेले. त्यांना सोसावी लागलेली कमाल थंडी शून्याखाली सुमारे ७७ अंश होती. हीच थंडी ‘फ्रॉस्ट’च्या हिशेबाने १०९ अंश भरते आणि सेल्सिअसमध्ये उणे ६०.६ अंश. आकडे तीन, थंडी एकच. चेरी-गॅरार्डने १९२२ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ वाचताना प्रत्येक आकड्यामागचा शब्द पाहिल्याखेरीज त्या माणसांनी काय सोसले हे उमगत नाही.

‘राइज ऑफ’ व ‘राइज टू’ यांतील अंतरही असेच फसवे आहे. पहिल्यात वाढ किती हे सांगितलेले असते, दुसऱ्यात वाढून तापमान कोठवर पोचले हे. तापमापकावरील आकडा सेल्सिअसमधून फॅरनहाइटमध्ये नेताना नवाने गुणून, पाचाने भागून, ३२ मिळवावे लागतात. वाढीचा आकडा नेताना हे ३२ मिळवावयाचे नसतात. २०१५ च्या पॅरिस करारात पृथ्वीच्या सरासरी तापमानातील वाढ १.५ अंश सेल्सिअसपर्यंत रोखण्यासाठी प्रयत्न करण्याचे ठरले. फॅरनहाइट वापरणाऱ्या अमेरिकन वाचकासाठी ती वाढ २.७ अंशांची आहे. ‘ऑफ’कडे दुर्लक्ष करून सवयीने ३२ मिळवणाऱ्याच्या कागदावर ती ३४.७ अंश उमटेल, आणि तेवढ्या वाढीनंतर ते वाचावयास कोणी उरणार नाही.