*धनुष्यासाठी बांबू: कोणती काठी द्यायची, कोणती नाही*



तिरंदाजीच्या 'इंडियन राउंड' प्रकारात खेळाडू बांबूचं धनुष्य वापरतात. ताणलेलं धनुष्य मोडलं तर ते खेळणाऱ्या पोराच्या तोंडासमोरच मोडतं. म्हणून कोवळी किंवा किडकी काठी या कामाला देऊ नका, भाव कितीही मिळो.

*1) जात:* मानवेल घ्या. याची भिंत जाड असते, कोरड्या माळावर तर काठी जवळजवळ भरीव निघते. पातळ भिंतीची काठी वाकवली की चिरते.

*2) वय:* 3 ते 4 वर्षांची काठी हवी. पेरावर टरफल आणि अंगावर पांढरी भुकटी असेल तर ती यंदाची, हात लावू नका. जुनी काठी फिकट हिरवी, डागाळलेली असते आणि ठोकली की टणक वाजते. शिवाय नवे कोंब कोवळ्या काठ्यांच्या बुडातून येतात. त्या तोडल्या तर पुढच्या वर्षी बेट बसतं.

*3) तोड:* दिवाळीनंतर, थंडीत. पावसाळ्यात तोडलेल्या काठीला भुंगा लवकर लागतो आणि भुगा पडतो. जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या अगदी वर कापा, म्हणजे खुंटात पाणी साचणार नाही.

*4) वाळवण:* सावलीत, उभी, जमिनीपासून उचलून, निदान 2 ते 3 महिने. उन्हात टाकली तर तडे जातात.

*5) कामटी:* कोयत्याने उभी फोडा, म्हणजे तंतू सलग राहतात. साल तासू नका, सगळ्यात मजबूत तंतू सालीलगतच असतात. धनुष्यात सालीची बाजू निशाणाकडे, आतली बाजू दोरीकडे. बारीक करायचं ते आतूनच. गाठी फक्त हलक्या घासा.

*6) तपासणी:* गुडघ्यावर हळूहळू वाकवा. कर्रकन आवाज आला किंवा तंतू उचलला तर ती कामटी बाजूला काढा.

📌 2017 च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने 'झाड' धरला जात नाही. वनातल्या बांबूला मात्र नियम लागू आहेत.

*या आठवड्याचं काम:* यंदाच्या सगळ्या नव्या काठ्यांवर रंगाचा एक पट्टा मारा. दरवर्षी रंग बदला. तीन वर्षांनी वय ओळखायला डोकं खाजवावं लागणार नाही.

काठीच्या वयाबद्दल शंका असेल तर तोडण्याआधी पेराचा जवळून फोटो ग्रुपवर टाका. तोडल्यावर विचारून उपयोग नाही.