अलिबाय म्हणजे सबब का?

प्रश्न : बातम्यांत ‘प्ली’, ‘अलिबाय’, ‘अपील’, ‘मर्सी पिटिशन’ हे शब्द येतात. अलिबाय म्हणजे सबबच ना? बाकीच्यांत फरक काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बोलताना लोक तसं म्हणतात, पण कोर्टात तो अर्थ चालत नाही. घटनेच्या वेळी आरोपी दुसरीकडेच होता, हा दावा म्हणजे अलिबाय. समजा, सोलापुरात सात रस्त्याजवळ रात्री दहाला चोरी झाली आणि आरोपी तेव्हा पंढरपूरच्या दवाखान्यात दाखल होता. मग केसपेपर हवा, डॉक्टरांची साक्ष हवी, आणि ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११ लागू होई. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ९ आहे.

सबब म्हणजे एक्स्क्यूज; त्यात चूक मान्य असते, फक्त कारण सांगितलं जातं. खरा हेतू झाकायला पुढे केलेलं कारण म्हणजे प्रीटेक्स्ट, आपला बहाणा.

आरोप वाचून दाखवल्यावर ‘गुन्हा कबूल’ किंवा ‘नाकबूल’ म्हणणं ही प्ली. अपिलात निकालच चुकला असं वरच्या कोर्टाला सांगायचं असतं. मर्सी पिटिशनमध्ये राष्ट्रपतींकडे (अनुच्छेद ७२) किंवा राज्यपालांकडे (१६१) दया मागितली जाते. बातमीदार अपील आणि मर्सी पिटिशन दोन्हींना सर्रास ‘याचना’ लिहितात. ते साफ चूक आहे, कारण अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

सोलापूरच्या सत्र न्यायालयाच्या निकालावरचं अपील १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातं. शिक्षेविरुद्धच्या अपिलाला साधारणपणे ६० दिवसांची मुदत असते, फाशीच्या शिक्षेत ३०. निकालाची प्रत मिळताच वकिलांना गाठा.