चवथीला आलेली गाडी

मुलांसाठी बॅटरीची गाडी घ्यायला गेले की माणूस रंग, दिवे आणि आत वाजणारी गाणी बघतो. मी सांगेन, आधी घरचे अंगण बघा. गोव्यातल्या साखळीसारख्या गावात सपाट अंगण म्हणजे नशीबच. आमचे चिऱ्यांचे, फाटकाकडे उतरणारे. पावसाचे पाणी तुंबू नये म्हणून जुन्या माणसांनी तो उतार ठेवलेला. चवथीच्या दिवसांत त्यावर शेवाळ धरते आणि मोठी माणसेसुद्धा जपून पावले टाकतात.

नेमकी चवथीलाच मुलाने लेकीसाठी गाडी आणली. दुकानातल्या पोराने ती जोडून दिली होती. नात बसली, पेडलवर पाय ठेवायच्या आधीच गाडी निघाली. ती खूश. "आजो, पळय, गाडी आपशींच चलता!" गाडी तुळशीवृंदावनाच्या कट्ट्याला अडली म्हणून बरे; नातीला काही लागले नाही.

संध्याकाळी शेजारच्या गॅरेजवाल्या मेस्ताने मागचे चाक काढले आणि कारण सापडले. या गाड्यांना बहुधा वेगळा ब्रेक नसतो. पेडलवरून पाय काढला की मोटर थांबते आणि तिचे गिअर चाकाला धरून ठेवतात, तोच ब्रेक. त्यासाठी गिअरबॉक्सचे दात चाकाच्या खाचेत पुरते बसावे लागतात. आमच्या गाडीत बाहेर, नटाखाली बसणारा वॉशर गिअरबॉक्स आणि चाक यांच्यामध्ये अडकवला होता. दात खाचेपर्यंत पोचलेच नव्हते. म्हणजे गाडीला ना ओढ, ना अडसर.

तेव्हा गाडी कुणीही जोडलेली असो, मुलाला बसवण्याआधी तिचा मागचा भाग पाटावर टेकवा, चाके अधांतरी राहू द्या आणि हाताने फिरवून बघा. मोटरचे चाक जड लागले पाहिजे. स्वस्त गाडीत मोटर एकच असते, त्यामुळे दुसरे चाक मोकळे फिरेल. तो दोष नव्हे. पण उताराच्या अंगणात असली गाडी घेऊच नये, कारण धरून ठेवणारे चाक एकच आणि तेही ओल्या चिऱ्यावर घसरणारे प्लास्टिकचे. दोन मोटरची घ्या, चाकांना रबराची पट्टी असेल तर उत्तम. मग पाटावरच पेडल दाबा. पुढे म्हटल्यावर चाके मागे फिरली तर मोटरच्या वायरी उलट जोडल्या आहेत. स्टिअरिंगच्या दांड्यातून आरपार जाणारा बोल्टही ओढून बघा. तो राहिला तर चाक मुलाच्या हातात येते.

खोक्यावर आयएसआयची खूण हवीच. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती 1 जानेवारी 2021 पासून सक्तीची आहे. खुणेखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. दुकानदार कंटाळला तरी तपासा. रिमोट असलेली गाडी थोडी महाग पडते, पण लहान मुलासाठी तीच घ्यावी. पहिले काही दिवस रिमोट मोठ्यांच्याच हातात राहू द्या. वजनाची मर्यादाही वाचा. चवथीला घर भरलेले असते, आणि एकाच्या गाडीत तिघे चढतात.

बॅटरीची कथा वेगळी. बहुतेक गाड्यांत सहा किंवा बारा व्होल्टची बंद लेड-ॲसिड बॅटरी असते. ती रिकामी पडून राहिली की मरते. आपल्याकडे गाडी पावसाळाभर कोपऱ्यात जाते आणि दिवाळीला बाहेर काढली की हलत नाही. मग लोक कंपनीला शिव्या देतात. ठेवताना पूर्ण चार्ज करून वायर सुटी करा, महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. चार्जर लावून रात्रभर विसरू नका. पत्रकात दिलेले तास झाले की काढा. आणि ती मेलीच तर कचऱ्यात टाकू नका, आत शिसे आणि आम्ल असते. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्या, इन्व्हर्टरची देतो तशी.